हे सगळं मी नक्की कुणासाठी करतेय?

या महिन्याच्या पत्रांचा आणि मेलचा गठ्ठा घेऊन बसले तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली. गावं वेगळी, वयं वेगळी, पण सगळ्यांनी तेच लिहिलंय की काम चालू आहे, पैसेही येतात (काहींचे अगदी कमी येतात, त्यावर पुढे बोलूच), पण हे कशासाठी चाललंय तेच कळेनासं झालंय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की मी मानसशास्त्र वगैरे शिकलेली नाही, विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात तीस वर्षं लॅब टेक्निशियन होते, आणि हाच प्रश्न मला स्वतःला सात-आठ वर्षं छळून गेलाय. जे सांगतेय ते तिथूनच सांगतेय.

प्रश्न: ताई, मी २९ वर्षांची आहे, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, सहा वर्षं झाली. क्लायंट बाहेरचा आहे, लोकांना घरपोच औषधं पाठवणारी कंपनी आहे एवढंच माहितीय. दिवसभर टेस्ट केसेस चालवायच्या, बग (प्रोग्रॅममधली चूक) सापडला की नोंदवायचा, डेव्हलपर तो लो प्रायॉरिटी म्हणून बंद करतो, मी परत उघडते. आत्ता पत्त्याच्या रकान्यात ३० अक्षरांच्या पुढचं कापलं जातंय हा बग मी तिसऱ्यांदा उघडलाय आणि कुणालाच काही पडलेलं नाही, आता मलाही नाही. मागच्या महिन्यात एचआरनं वर्कशॉप घेतलं, इकिगाईची (जपानी शब्द, म्हणजे जगण्याचं कारण) चार वर्तुळं काढायला लावली, काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय, पैसे कशाचे मिळतात. माझी मधली जागा रिकामीच राहिली. शेजारची म्हणाली ट्रेकिंग लिही. घरी येऊन रडले. आई म्हणते सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल दिसला, तूही कामात बघ. कसा बघू? नोकरी सोडून आवडीचं काहीतरी करावं का? आवडीचं काय तेही माहीत नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर: आधी ती वर्तुळं डोक्यातून काढ बाळ. ती जपानची नाहीतच. आंद्रेस सुसुनागा म्हणून एक स्पॅनिश लेखक आहे, त्याची ती आकृती, मधोमध 'पर्पज' असं लिहिलेलं होतं. २०१४ साली मार्क विन नावाच्या माणसानं त्या जागी 'इकिगाई' हा शब्द टाकला आणि तेव्हापासून ती जगभरच्या एचआरच्या स्लाइडवर जाऊन बसलीय. जपानी म्हातारी माणसं हा शब्द वापरतात तो नातवाला शाळेत सोडण्यासाठी, कुंडीतल्या झाडासाठी, रविवारी गळ टाकून बसण्यासाठी. पैसे कशाचे मिळतात याचा त्यात काही संबंध नसतो. तर त्या परीक्षेत तू नापास झालेली नाहीस, मुळात ती परीक्षाच तुझी नव्हती.

इकिगाई या विषयावर खऱ्या अर्थानं ज्यांनी काम केलं त्या मिएको कामिया, जपानमधल्या मानसोपचार डॉक्टर, त्यांनी १९६६ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. आणि त्या कुठे काम करत होत्या माहितीये? कुष्ठरोग्यांना वेगळं ठेवण्यासाठी एका बेटावर दवाखाना होता, नागाशिमा आयसेइएन, तिथे. म्हणजे ज्यांचं घर, गाव, कधीकधी नावसुद्धा सुटलं होतं अशा माणसांमध्ये बसून त्यांनी हा प्रश्न धरला की माणसाला जगावंसं कशानं वाटतं. मी वरोऱ्याच्या बाजूची, मला हे वाचलं तेव्हा लगेच आनंदवन आठवलं, त्याच्याकडे शेवटी येते.

आता आईचं. आई बरोबर सांगते पण अर्धं सांगते. सावता महाराजांचा अरणचा मळा त्यांच्या डोळ्यासमोर होता. बी टाकलं, पाणी दिलं, मुळा उपटला, तो कुणाच्या ताटात गेला, सगळं दिसत होतं. तू सहा वर्षं फक्त बी टाकतेयस, मुळा उपटलेला तुला कुणी दाखवलाच नाही. मग विठ्ठल दिसणार कुठे?

माझंच सांगते. माझ्याकडे क्षयरोगाच्या थुंकीच्या स्लाइड असायच्या. स्लाइडवर थुंकीचा पातळ थर द्यायचा, लाल रंग चढवायचा, गरम करायची, ॲसिडनं धुवायची, मग निळा रंग. मायक्रोस्कोपखाली सगळं निळं दिसतं आणि जंतू असला तर त्या निळ्यात लाल काडीसारखा, केसाच्या तुकड्यासारखा. नियम असा की शंभर फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. शंभर म्हणजे शंभर वेळा ती स्लाइड जराशी सरकवायची आणि परत नजर लावायची. दिवसाला वीस-वीस स्लाइड. आणि स्लाइडवर नाव नसतं, काचेवर कोरलेला नंबर असतो. मी सात-आठ वर्षं नंबर बघत होते. साठाव्या फील्डच्या आसपास मान भरून यायची आणि हात आपोआप स्लाइड काढून घ्यायचा, निगेटिव्ह लिहून मोकळी. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय.

मग एक दिवस एक बाई थुंकीची डबी घेऊन थेट खिडकीशी आली. डबी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वरून परत सुतळी बांधलेली. म्हणाली, "बाई, तिकडल्या डॉक्टरनं काई नाई म्हणून सांगतलं, पण मले आतून समजते न." एवढंच बोलली आणि समोरच्या बाकड्यावर जाऊन बसली, रिपोर्ट उद्या मिळेल सांगितलं तरी हलेना. तिची स्लाइड लावली आणि मान वर केली की काचेतून ती दिसायची. त्या दिवशी साठला हात उचलला गेला नाही. सत्याऐंशीव्या फील्डला दोन काड्या दिसल्या, पुढे जाऊन अजून एक. शंभर फील्डमध्ये एक ते नऊ सापडले तर 'स्कँटी' लिहून पुढे आकडा टाकतात, मी 'स्कँटी ३' लिहिलं आणि माझा हात थरथरत होता. सहा महिने तिनं गोळ्या घेतल्या. शेवटच्या तपासणीला डबी देताना मला म्हणाली, "माही पट्टी तुमीच पाहाल ना?"

त्यानंतर बावीस वर्षं मी एकही स्लाइड शंभरच्या आत काढली नाही. काम तेच होतं, खुर्ची तीच, पगारात फरक नाही. मला फक्त ते काम कुठं जाऊन पोचतं ते दिसलं होतं. आणि त्याआधीच्या सात वर्षांतल्या स्लाइडचं काय झालं असेल हा विचार मला अजूनही रात्री उठवतो, तेही खरंच आहे.

हे माझ्या एकटीचं नाही हे नंतर कळलं. अमेरिकेत ॲडम ग्रँट म्हणून संशोधक आहेत, त्यांनी एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या लोकांवर अभ्यास केला होता, २००७ साली छापून आला. कंटाळवाणं काम, दिवसभर लोकांचा नकार ऐकायचा. त्यातल्या काहींना त्या देणगीतून शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याशी थोडाच वेळ बोलायला दिलं. महिन्याभरानं बघितलं तर त्या लोकांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता आणि देणग्याही दुपटीहून जास्त. कुणी त्यांना भाषण दिलं नव्हतं, वर्तुळं काढायला लावली नव्हती, एक मुलगा समोर बसवला होता बस.

तर तू असं कर. लीडला सांग की कस्टमर सपोर्टकडे येणाऱ्या तक्रारी मला वाचायला द्या, महिन्याला दहा पुरे. जमलं तर त्यांच्या एका कॉलवर नुसती ऐकायला बस, म्यूट करून. आणि तो पत्त्याचा बग. ३० अक्षरांच्या पुढे काय असतं? मजला असतो, फ्लॅट नंबर असतो. म्हणजे कुणीतरी चौथ्या मजल्यावर, गुडघे गेलेले, इन्सुलिनची वाट बघत बसलंय आणि पार्सल खाली गेटवर पडून आहे. पुढच्या वेळी बग उघडशील तेव्हा वर्णनात हेच लिही, "फ्लॅट नंबर कापला जातो, औषध दारापर्यंत पोचत नाही." बघ मग लो प्रायॉरिटी राहतो का. कदाचित राहीलही, पण तुला आता काहीतरी पडलेलं असेल.

नोकरी सोडायचा निर्णय तीन महिने पुढे ढकल. ते दुसरं टोक बघूनही आत काही हललं नाही तर खुशाल सोड, सहा वर्षांचा अनुभव आहे, उपाशी मरणार नाहीस. पण न बघता सोडलीस तर नव्या ठिकाणीही नंबरच बघत बसशील.

प्रश्न: ताई नमस्कार. मी अंगणवाडी सेविका आहे, बावीस वर्षं झाली. मुलांची वजनं, दंडाचे घेर, आहार, गरोदर बायांच्या घरी भेटी, वर मोबाईलमध्ये सगळं भरायचं, रेंज नसली की टेकडीवर जाऊन. आम्ही संपावर होतो तेव्हा गावातले एक मोठे सर्वांसमोर म्हणाले, बाई तुमचं काम पुण्याचं आहे, पुण्याच्या कामाला पैशाची भाषा शोभत नाही. तेव्हापासून माझं मन उडालंय. मुलं तीच, काम तेच, पण मला वाटतं मी काहीतरी वाईट मागितलं. मी लोभी आहे का?
— सेविका, अमरावती जिल्हा

उत्तर: नाही. नाही आणि नाही. तुमचं पत्र वाचून मला इतका राग आला की मी उठून अंगणात दोन चकरा मारून आले आणि मग लिहायला बसले.

ताई, कामाला अर्थ असणं आणि कामाला दाम मिळणं या दोन वेगळ्या वह्या आहेत, आणि आपल्याकडे बायकांच्या कामाच्या बाबतीत पहिल्या वहीतली जमा दाखवून दुसऱ्या वहीतलं देणं बुडवायची फार जुनी सवय आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून तुम्हाला 'मानसेवी' म्हणतात आणि तुम्हाला मिळतं त्याला पगार न म्हणता मानधन म्हणतात. शब्द बघा किती गोड आहेत. कलेक्टरच्या कामातही पुण्य आहे, सर्जनच्या कामातही आहे, त्यांना कुणी मानधन घ्या म्हणत नाही. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२२ मध्ये निकाल दिला की अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, म्हणजे हे स्वखुशीनं केलेलं पार्टटाइम पुण्यकर्म नाही, हे काम आहे, हे देशाच्या सर्वात मोठ्या कोर्टाला पटलं. आणि तुमचा तो ४ डिसेंबर २०२३ ला सुरू झालेला संप पन्नास दिवसांवर चालला, थंडीत बायका मैदानात बसल्या. त्यात लोभ असता तर पहिल्या आठवड्यात मोडला असता.

आता मन उडालंय त्याचं. तुम्ही लिहिलंय मुलं तीच काम तेच. तर उद्या दंडाला टेप लावाल तेव्हा जरा थांबा. ती कागदी पट्टी साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेली की लाल, त्या पोराला तातडीनं उपचार लागतात, साडेबाराच्या वर हिरवी, मध्ये पिवळी. एक सेंटीमीटरचा खेळ. हातानं पट्टी जरा जास्त आवळली किंवा सैल सोडली की लेकराचा रंग बदलतो, आणि बावीस वर्षं तुमचा हात ते बरोबर करतोय. बावीस वर्षांतली लाल पट्टीतून बाहेर आलेली पोरं आज गावातच फिरत असतील, एखादा ट्रॅक्टर चालवत असेल, एखादीचं स्वतःचं मूल तुमच्याकडे येत असेल. एक दिवस मनाशी मोजून बघा. ते मोठे गृहस्थ त्या यादीत कुठेच नाहीत, त्यांनी तुमच्या कामाचा अर्थ काढून घेतला असं तुम्हाला वाटतंय पण तो त्यांच्या खिशात कधी नव्हताच.

पुढचा संप झाला तर पहिल्या रांगेत बसा. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन अंगणवाडीत जा. दोन्हीत काही विसंगत नाही.

प्रश्न: सात वर्षं एमपीएससी केली. दोनदा मेन्सपर्यंत, एकदा इंटरव्ह्यू, चार मार्कांनी गेलं. आता वय ३३, तहसीलमध्ये कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर आहे. सातबारा, फेरफार, दिवसभर तेच. ज्या ऑफिसात साहेब म्हणून यायचं स्वप्न होतं तिथे कोपऱ्यात बसतो. लोकांसाठी काहीतरी करायचं होतं ताई, खरंच करायचं होतं. आता ते सगळं संपलं.
— वाचक, बीड

उत्तर: तुमचं पत्र लहान आहे पण त्यातलं एक वाक्य मी चारदा वाचलं, "खरंच करायचं होतं". मला ते पटलं. लायब्ररीत सात वर्षं बसणाऱ्या सगळ्यांचंच ते खरं असतं असं नाही, काहींना फक्त गाडीवरचा दिवा दिसत असतो, पण तुमचं खरं वाटतंय. चार मार्कांचं दुःख मोठं आहे, त्यावर फुंकर घालायला माझ्याकडे शब्द नाहीत आणि घालणारही नाही. ते दुखू द्या.

फक्त एक बघा. तुम्ही लोकांसाठी काम आणि साहेबाची खुर्ची या दोघांची गाठ मारून टाकलीय, एक गेली म्हणून दुसरंही गेलं असं धरून चाललाय. तुमच्यासमोर जो सातबारा येतो त्यात वर गाव नमुना सात, जमीन कुणाची, खाली बारा, पीक कुठलं. तुमचं बोट घसरलं आणि ०.८० हेक्टरचं ०.०८ झालं तर दोन एकराचा मालक आठ गुंठ्याचा होतो. बँक पीककर्ज देते ते क्षेत्रावर. जून महिना आहे, बियाणं घ्यायचंय, आणि बँकेतला माणूस कागद परत सरकवतो, "क्षेत्र बसत नाही." मग ते नीट करायला जमीन महसूल संहितेच्या १५५ कलमाखाली अर्ज, मग तलाठ्याकडे, मग तहसीलदारांकडे, एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी बुडाली, आणि पाऊस कुणासाठी थांबत नाही. माझ्या सख्ख्या मामानं अशा एका चुकीपायी अख्खा खरीप सावकाराच्या पैशावर काढलाय, ती चूक कुणी केली ते त्याला कधीच कळलं नाही आणि करणाऱ्यालाही कळलं नसणार.

साहेब फाइलवर सही करतो तेव्हा त्याला तो आकडा दिसत नाही, त्याच्यासमोर तसे तीनशे असतात. तो आकडा बघणारा शेवटचा माणूस तुम्ही आहात. आणि तुमच्याकडे सात वर्षांचा महसूल कायदा पाठ आहे, जो त्या ऑफिसातल्या कितीजणांकडे असेल मला शंका आहे. खिडकीवर गोंधळून उभा असलेला म्हातारा दिसला तर उठून त्याला नीट सांगा कुठला अर्ज, कुठलं कलम, सोबत काय जोडायचं. एका चिठ्ठीवर लिहून द्या. दिवसाला एक. तुमचं कंत्राट आहे, पगार तुटपुंजा असेल, त्यासाठी सरळसेवेच्या जागा निघाल्या की फॉर्म भरत राहा, घरच्यांनाही तुमची गरज आहे. पण लोकांसाठी करायचं होतं ते संपलं असं मला परत लिहू नका, त्यांची रांग रोज सकाळी तुमच्या दारात लागते.

प्रश्न: खासगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजर आहे, वय ३६. कंपनीनं मोटिव्हेशनल स्पीकर आणला होता, म्हणाला आपापलं 'व्हाय' शोधा, उद्देश सापडला की टार्गेट आपोआप होतं. माझं व्हाय म्हणजे होम लोन. गेल्या पंधरवड्यात एफडी रिन्यू करायला आलेल्या सत्तरीच्या काकांना युलिप (शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी) दिली, पाच वर्षं पैसे अडकतात हे पुटपुटल्यासारखं सांगितलं. त्यांनी मला पेढे आणून दिले नंतर, मुलाचं लग्न ठरलं म्हणून. तेव्हापासून ऑफिसला जाताना पोटात गोळा येतो. मला माझ्या कामात अर्थ कसा सापडेल?
— नाव नको, नाशिक

उत्तर: तुम्हाला तो सापडलाय. पेढे खाताना सापडला, आणि तो सोसवत नाहीये म्हणून पोटात गोळा येतोय. वर मी सगळ्यांना सांगत बसलेय की तुमचं काम जिथे पोचतं ते टोक जाऊन बघा, तुम्ही न ठरवता बघितलंत.

आता वेळ घालवू नका. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, फ्री लुक म्हणतात, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय. काकांचे अजून दिवस शिल्लक आहेत. आज संध्याकाळी त्यांच्या घरी जा, खरं काय ते सांगा, पाच वर्षं हात लावता येणार नाही, मार्केटवर खालीवर होतं, आणि मुलाचं लग्न तोंडावर आहे. परत करायची असेल तर अर्ज तुम्हीच भरून द्या. ते रागावतील, रागवू द्या. मॅनेजर बोलेल, इन्सेंटिव्ह परत जाईल, तेही जाऊ द्या. ज्यांचे ३० दिवस उलटून गेलेत अशी अजून कोणी असतील (असतील असं तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं) तर त्यांना कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग विमा लोकपाल हा रस्ता आहे हे निदान माहीत तरी करून द्या.

होम लोनसाठी नोकरी करण्यात लाजण्यासारखं काहीच नाही. घराचा हप्ता, पोरांची फी, आईचं ऑपरेशन, ही कारणं कुठल्याही मोठ्या ध्येयाइतकीच मोठी आहेत, निम्मा महाराष्ट्र त्यावर उभा आहे. पण तो हप्ता सत्तरीच्या माणसाच्या एफडीतून जाऊ नये एवढंच तुमचं पोट तुम्हाला सांगतंय. अशा कामात अर्थ शोधायला कुणी शिकवत असेल तर शिकू नका. सहा महिन्यांची मुदत घाला आणि दुसरी नोकरी बघा, बँकेतच बघा हवं तर, कर्ज विभाग, ऑपरेशन्स, सहकारी बँका, जिथे विकावं लागत नाही असं काहीतरी. पगार कमी झाला तर बायकोला आधी विश्वासात घ्या, पेढ्यांची गोष्ट सांगा, ती समजेल.

प्रश्न: स.न.वि.वि. एसटीच्या डेपोत ३४ वर्षे मेकॅनिक होतो. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली त्या एसटीत आपण नोकरी केली याचा अभिमान आहे. गाडी गेटमधून आत वळतानाच आवाजावरून सांगायचो काय झालंय. क्लच दाबला की किर्र आणि सोडला की गप्प, तर बेअरिंग गेलं. ब्रेकला लोखंड घासल्यासारखं, तर लायनर संपले. गाडी उभी राहिल्यावर मागून बारीक फुस्स येत राहिलं, म्हातारा झोपेत तोंडाने हवा सोडतो तसं, तर एअर कुठेतरी लीक आहे. आता रिटायर होऊन वर्ष झालं. पहिल्या गाडीच्या वेळेला साडेपाचला जाग येते आणि मग करायला काहीच नसतं. मुलगा म्हणतो आराम करा. शेजारी म्हणतात भजनी मंडळात या. जातो, मन लागत नाही. ही कृतघ्नता तर नाही ना?
— आपला, सातारा

उत्तर: काका, कृतघ्नता कसली. चौतीस वर्षं गाडीतल्या पन्नास माणसांचा जीव तुमच्या कानावर होता आणि त्यांना ते कधी माहीतही नव्हतं, ते एका दिवसात हार घालून बंद केलं, मन लागणार कसं.

आनंदवनाचं सांगणार होते ते तुमच्यासाठीच ठेवलं होतं. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ सुरू केलं तेव्हा सगळा खडकाळ माळ होता. बोटं झडलेल्या माणसांनी विहिरी खणल्या, भाजी पिकवली. आमच्याकडची जुनी माणसं सांगायची की सुरुवातीला ती भाजी घ्यायला लोक बिचकायचे, हात मागे घ्यायचे. नंतर घ्यायला लागले. मला नेहमी वाटतं की त्या लोकांसाठी विहिरीला पाणी लागलं तो दिवस मोठा असेलच, पण कुणीतरी पहिल्यांदा त्यांच्या हातून वांगी घेतली, पैसे दिले आणि घरी नेऊन शिजवली तो दिवस त्याहून मोठा असेल. करण्याची इच्छा तुमच्याकडे आहेच, हातातलं घेणारं कुणीतरी नाहीये. भजनी मंडळाला टाळ वाजवणारे पुष्कळ मिळतील, क्लचची किर्र ओळखणारा माणूस लागतो तो गॅरेजमध्ये आणि आयटीआयमध्ये. मोटर मेकॅनिकचा ट्रेड करणारी पोरं दोन वर्षं पुस्तकातले पार्ट पाठ करतात, आणि गाडी नुसती ऐकायची असते हे त्यांना सांगणारं कुणी भेटलं तर भेटलं. जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना जाऊन भेटा, आठवड्यातून एक दिवस मागा, पैशाचं नंतर बघू म्हणा पण फुकट येईन असं पहिल्याच दिवशी म्हणू नका. नाही म्हणाले तर हायवेवरच्या एखाद्या गॅरेजवाल्याला विचारा, तो नाही म्हणणार नाही.

आणि साडेपाचची जाग मोडू नका. चहा घ्या, एक दोनशे पानी वही आणा आणि रोज एक आवाज लिहा, कसा येतो, कधी येतो, कशाचा असतो, पोरगं कुठे फसू शकतं. पहिल्या पानावर ती एअर लीक घ्या, म्हाताऱ्याच्या झोपेतली. मी आयुष्यात कधी बसच्या खाली वाकून बघितलेलं नाही, पण तो आवाज मला इथे ऐकू आला.